खर्ज कुणी वाजवायचा? होम थिएटरमधील क्रॉसओव्हरची गोष्ट

हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथ हे गाव ज्योतिर्लिंगाचे स्थान म्हणून महाराष्ट्राला शतकानुशतके परिचित आहे. अलीकडे या गावाला आणखी एक ओळख मिळू लागली आहे. गावाजवळ दुधाळा येथे ‘लायगो-इंडिया’ ही गुरुत्वीय लहरींचा वेध घेणारी वेधशाळा उभारली जात आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने १७ फेब्रुवारी २०१६ रोजी या प्रकल्पाला तत्त्वतः मंजुरी दिली. एप्रिल २०२३ मध्ये सुमारे २,६०० कोटी रुपयांच्या खर्चाला मान्यता मिळाली आणि ११ मे २०२३ रोजी पायाभरणी झाली. प्रत्येकी चार किलोमीटर लांबीच्या दोन काटकोनी भुजा, त्यांच्या टोकांना टांगलेले आरसे आणि त्यांच्यामध्ये येरझाऱ्या घालणारा लेसर किरण असे या वेधशाळेचे स्वरूप असणार आहे.

या वेधशाळेचा आणि आपल्या दिवाणखान्यातील होम थिएटरचा काय संबंध, असा प्रश्न वाचकांना पडणे स्वाभाविक आहे. संबंध आहे तो खर्जाचा, आणि त्याहूनही अधिक तो कामाच्या वाटणीचा. सबवूफरच्या मागील बाजूस किंवा रिसीव्हरच्या मेन्यूत ‘क्रॉसओव्हर’ नावाचा एक आकडा असतो. बहुतेक घरांत तो दुकानदाराने लावून दिला तसाच राहतो. पुढे ‘संवाद नीट कळत नाहीत’, ‘नुसता धमधमाट होतो’, ‘खालच्या मजल्यावरचे तक्रार करतात’ अशी गाऱ्हाणी सुरू होतात आणि दोष यंत्राच्या माथी मारला जातो. वास्तविक यातील पुष्कळ तक्रारींचे मूळ त्या एका आकड्यात आणि त्याच्याशी निगडित दोन-तीन गोष्टींत असते.

०.२ सेकंदांची परीक्षा

१४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतील लायगोच्या दोन वेधशाळांनी गुरुत्वीय लहर प्रथमच टिपली. सुमारे १.३ अब्ज प्रकाशवर्षे अंतरावर दोन कृष्णविवरे एकमेकांत विलीन झाली होती. गुरुत्वीय लहर म्हणजे ध्वनी नव्हे. मात्र तिची वारंवारता आपल्या कानांना ऐकू येणाऱ्या पट्ट्यात असल्याने तिची नोंद थेट स्पीकरवर वाजवून ऐकता येते. सुमारे ०.२ सेकंदांत ही नोंद ३५ हर्ट्झपासून २५० हर्ट्झपर्यंत चढत गेली. शास्त्रज्ञांनी या चढत्या स्वराला ‘चर्प’, म्हणजे चिवचिवाट, असे नाव दिले.

दूरचित्रवाणी संचाच्या अंगच्या लहान स्पीकरवर ही नोंद लावली, तर शेवटी एक क्षीण ‘टप्प’ तेवढा ऐकू येतो. कारण त्या ०.२ सेकंदांपैकी बहुतांश काळ स्वर ८० हर्ट्झच्या खालीच रेंगाळत असतो आणि अगदी शेवटच्या क्षणी झपाट्याने वर चढतो. खालचा भाग वाजवण्याची ताकद लहान स्पीकरमध्ये नसते. सबवूफर असलेल्या संचावर मात्र आरंभीची घरघर सबवूफर उचलतो आणि शेवटची चढण मुख्य स्पीकर वाजवतात. एकाने दुसऱ्याच्या हाती काम सोपवण्याची ही जागा म्हणजेच क्रॉसओव्हर. ती नीट जुळलेली असेल तर स्वर अखंड वाटतो. ती बिघडलेली असेल तर तो मध्येच फुगतो किंवा मध्येच हरवतो.

वाटणी का करावी लागते?

माणसाचा कान साधारणपणे २० ते २०,००० हर्ट्झपर्यंतचे ध्वनी ऐकतो. १,००० हर्ट्झच्या ध्वनीची तरंगलांबी जेमतेम ३४ सेंटीमीटर असते. ८० हर्ट्झला ती सव्वाचार मीटरच्या पुढे जाते आणि २० हर्ट्झला सुमारे सतरा मीटर होते. एवढ्या लांबीचे तरंग निर्माण करायचे तर पुष्कळ हवा हलवावी लागते. तीन इंची पडद्याचा स्पीकर हे काम करू गेला, की त्याचा पडदा मर्यादेबाहेर हलू लागतो आणि त्याच वेळी त्याच पडद्यावरून येणारा संवादाचा आवाजही फाटतो. म्हणून खर्जाचे काम आठ, दहा किंवा बारा इंची पडद्याच्या, स्वतंत्र अॅम्प्लिफायर असलेल्या सबवूफरकडे सोपवले जाते.

निसर्गाने येथे आपल्याला एक सवलत दिली आहे. अतिशय खालचे स्वर कोणत्या दिशेने आले, हे आपल्या कानांना बंद खोलीत नीट ओळखता येत नाही. त्यामुळे एकच सबवूफर कोपऱ्यात ठेवूनही खर्ज पडद्यावरून येत असल्याचा भास टिकतो. ही सवलत साधारण ८० ते १०० हर्ट्झच्या वर संपत जाते. टीएचएक्स या चित्रपटध्वनी मानकाने घरगुती संचांसाठी ८० हर्ट्झची सीमारेषा धरली, त्यामागे हेही एक कारण आहे. आज बहुतेक रिसीव्हरमध्ये आरंभीचा आकडा ८० हाच असतो.

तंबोऱ्याची कसोटी

हा आकडा आपल्या परिचयाच्या ध्वनींशी ताडून पाहिला, तर त्याचा अर्थ चटकन उलगडतो. पुरुष गायकाचा षड्ज काळी एकमध्ये असेल, तर तो सुमारे १३८ हर्ट्झचा असतो. त्याच्या तंबोऱ्यातील खर्जाची तार त्याहून एक सप्तक खाली, म्हणजे सुमारे ६९ हर्ट्झवर लागते. क्रॉसओव्हर ८० वर असेल, तर या तारेचा मूळ स्वर मुख्यतः सबवूफर वाजवतो आणि तिच्यातून उमटणारे वरचे स्वरांश, ज्यांच्यात जवारीचे सारे सौंदर्य असते, ते मुख्य स्पीकर वाजवतात. म्हणजे एका तारेचा आवाज दोन ठिकाणांहून येतो.

म्हणूनच तंबोऱ्याची चांगली ध्वनिमुद्रिका ही घरच्या घरी करता येण्याजोगी उत्तम कसोटी आहे. चारही तारांचा नाद एकाच तंबोऱ्यातून येतो आहे असे वाटले, तर जुळणी ठीक आहे. खर्जाची तार तेवढी कोपऱ्यातून घुमू लागली, तर सबवूफरची पातळी जास्त आहे किंवा क्रॉसओव्हर फार वर आहे. ती तार जवळजवळ ऐकूच येत नसेल, तर सीमारेषेवर कुठेतरी खड्डा पडला आहे.

मानवी आवाजाचेही तसेच. पुरुषाच्या बोलण्याचा मूळ स्वर साधारणपणे ८५ हर्ट्झच्या वर असतो, स्त्रीचा त्याहून बराच वर. क्रॉसओव्हर १५० किंवा २०० वर नेला, की नायकाच्या आवाजातील भारदस्तपणा पडद्याऐवजी सोफ्यामागच्या खोक्यातून येऊ लागतो. ‘संवाद कळत नाहीत’ या तक्रारीचे हे एक नेहमीचे कारण आहे.

आकडा कसा ठरवावा?

येथे एक गैरसमज दूर करायला हवा. क्रॉसओव्हर सबवूफरच्या ताकदीवरून ठरवायचा नसतो. तो मुख्य स्पीकरच्या मर्यादेवरून ठरवायचा असतो. स्पीकरच्या माहितीपत्रकात ‘६० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ’ असा पल्ला दिलेला असतो. त्यातील पहिला आकडा पाहावा. तो ‘३ डेसिबल घट’ या हिशेबाने दिला असेल, तर विश्वासार्ह मानावा. ‘१० डेसिबल घट’ असे लिहिले असेल, तर तो स्पीकर प्रत्यक्षात त्याच्या बराच आधी दमतो असे समजावे. या आकड्याच्या निदान तिसरा हिस्सा तरी वर क्रॉसओव्हर ठेवावा. स्पीकर धाप लागण्यापूर्वीच काम दुसऱ्याच्या हाती गेले पाहिजे.

या हिशेबाने पाच-सहा इंची बुकशेल्फ स्पीकरना ८० हर्ट्झ बहुधा योग्य ठरते. उंच टॉवर स्पीकर असतील, तर ६० ते ८० चालते. मुठीएवढ्या सॅटेलाइट स्पीकरना १२० ते १५० पर्यंत जावेच लागते. मग सबवूफरची दिशा कानाला कळू लागते. अशा वेळी तो खोलीच्या मागे न ठेवता समोर, दूरचित्रवाणी संचाच्या आसपास ठेवावा. पुढचे आणि मागचे स्पीकर वेगवेगळ्या आकाराचे असतील आणि रिसीव्हर परवानगी देत असेल, तर प्रत्येक जोडीला वेगळा आकडा द्यावा.

रिसीव्हर स्पीकरना ‘लार्ज’ की ‘स्मॉल’ असेही विचारतो. महागडे टॉवर घेतलेल्या गृहस्थांना आपल्या स्पीकरना ‘स्मॉल’ म्हणणे जिवावर येते. पण येथे लहान-मोठेपणाचा अर्थ एवढाच की, खर्ज सबवूफरकडे पाठवायचा की नाही. सबवूफर असताना जवळजवळ नेहमीच ‘स्मॉल’ हा पर्याय योग्य असतो.

आता सर्वांत सामान्य चूक. रिसीव्हरमध्ये एक क्रॉसओव्हर आणि सबवूफरच्या मागे दुसरा नॉब, असे दोन पहारेकरी एकाच दारावर उभे राहतात. रिसीव्हरने १२० हर्ट्झखालचे सारे सबवूफरकडे पाठवले आणि सबवूफरचा नॉब ६० वर असला, तर ६० ते १२० हा पट्टा कुणीच वाजवत नाही. डग्ग्याची घुमक आणि पखवाजाची थाप यांचा मोठा भाग याच पट्ट्यात येतो. उलट मुख्य स्पीकर ‘लार्ज’ ठेवून सबवूफरही १२० पर्यंत वाजवला, तर तोच पट्टा दोघेही वाजवतात आणि आवाज बदबदतो. यावर उपाय सोपा आहे. वाटणी रिसीव्हरकडेच ठेवावी आणि सबवूफरचा नॉब शेवटच्या टोकाला किंवा ‘एलएफई’ या खुणेवर नेऊन निष्क्रिय करावा.

‘एलएफई’ म्हणजे चित्रपटाच्या ध्वनिपटातील खास खर्जाची स्वतंत्र वाहिनी. ‘५.१’ मधील ‘.१’ ती हीच. स्फोट, गडगडाट यांच्यासाठी राखलेली ही वाहिनी १२० हर्ट्झपर्यंत जाते. रिसीव्हरमध्ये ‘एलएफई’ची मर्यादा वेगळी विचारली असेल, तर ती १२० ठेवावी. तिचा आणि मुख्य स्पीकरच्या क्रॉसओव्हरचा घोळ करू नये.

हातमिळवणीची वेळ

आकडा योग्य असूनही खड्डा पडू शकतो, कारण सीमारेषेवर काही काळ दोघेही वाजत असतात. क्रॉसओव्हर म्हणजे भिंत नव्हे, तो उतार आहे. ८० हर्ट्झवर रेषा असली, तरी सबवूफर ९० ला एकदम गप्प होत नाही आणि मुख्य स्पीकर ७० ला एकदम थांबत नाहीत. या संधिप्रदेशात दोघांचे तरंग एकाच वेळी आपल्यापर्यंत पोहोचायला हवेत. एक हवा ढकलत असताना दुसरा ओढत असेल, तर दोघांचीही मेहनत परस्परांना खाऊन टाकते.

८० हर्ट्झच्या अर्ध्या तरंगाची लांबी सुमारे सात फूट असते. मुख्य स्पीकर आपल्यापासून दहा फुटांवर आणि सबवूफर सोफ्याला खेटून तीन फुटांवर, अशी मांडणी अनेक घरांत असते. म्हणजे नेमका सात फुटांचा फरक! यासाठी रिसीव्हरमध्ये प्रत्येक स्पीकरचे अंतर भरण्याची सोय असते आणि सबवूफरच्या मागे ० आणि १८० अंशांचा फेज स्विच असतो. अंतरे भरून झाली, की मोबाइलवरील एखाद्या टोन जनरेटर अॅपमधून क्रॉसओव्हरच्याच वारंवारतेचा स्वर पुढच्या स्पीकरसह लावावा. आपण नेहमीच्या जागी बसावे आणि घरातील कुणाला तरी तो स्विच इकडून तिकडे करायला सांगावे. ज्या स्थितीत स्वर अधिक भरदार ऐकू येतो, ती योग्य.

माइक लावून आपोआप जुळणी करणाऱ्या रिसीव्हरने सबवूफरचे अंतर प्रत्यक्षापेक्षा पाच-सहा फूट जास्त दाखवले, तर ते घाईने दुरुस्त करू नये. सबवूफरच्या आतील विद्युत मंडलांमुळे होणारा विलंब त्याने अंतरात रूपांतरित करून धरलेला असतो.

खोलीचा हट्ट

यानंतर उरते ती खोली. समोरासमोरच्या भिंतींमध्ये ध्वनी ये-जा करतो आणि काही ठरावीक स्वर फुगतात. दहा बाय पंधरा फुटांच्या हॉलमध्ये लांबीच्या दिशेने सुमारे ३७ आणि रुंदीच्या दिशेने सुमारे ५६ हर्ट्झचे स्वर असे उसळतात. एका खुर्चीत कानठळ्या आणि शेजारच्या खुर्चीत शुकशुकाट, हा अनुभव त्यामुळेच येतो. क्रॉसओव्हर बदलून हा दोष जात नाही. त्यासाठी जागा बदलावी लागते. सबवूफर तात्पुरता आपल्या बसण्याच्या जागी ठेवावा, खर्ज असलेले परिचित गाणे लावावे आणि भिंतीच्या कडेने, कान जमिनीजवळ नेऊन रांगत फिरावे. जेथे खर्ज सर्वांत एकसारखा ऐकू येईल, तेथे सबवूफर ठेवावा. घरची मंडळी हसतील, पण ही युक्ती खरोखरच उपयोगी पडते.

सर्वांत शेवटी पातळी. नवा सबवूफर आणला, की तो ‘वाजतोय’ हे कळावे म्हणून आपण तो चढाच ठेवतो. सबवूफर चांगला लागल्याची खूण मात्र नेमकी उलटी आहे. तो चालू असताना आहे हे लक्षात येत नाही, आणि बंद केला की सारे चित्र पोकळ वाटू लागते.

देऊळ फिरले, सोसायटी फिरणार नाही

औंढा नागनाथची एक आख्यायिका सर्वश्रुत आहे. संत नामदेवांचे कीर्तन पूजेत व्यत्यय आणते म्हणून त्यांना देवळाच्या मागे जायला सांगण्यात आले, आणि त्यांच्या भक्तीसाठी देऊळच फिरले. आपल्या सिनेमासाठी सोसायटी फिरण्याची शक्यता नाही. तेव्हा शेजाऱ्यांचा विचार आपणच करायला हवा.

क्रॉसओव्हर खाली आणला की शेजाऱ्यांचा त्रास कमी होतो, असे अनेकांना वाटते. ते खरे नाही. क्रॉसओव्हरमुळे खर्ज कुणी वाजवायचा ते बदलते, किती वाजवायचा ते नव्हे. त्रास कमी करायचा तर सबवूफरची पातळी उतरवावी किंवा रिसीव्हरमधील रात्रीसाठीचा ‘नाइट मोड’ वापरावा.

कायद्याचे मोजमापही येथे अपुरे पडते. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री दहा ते सकाळी सहा ४५ डेसिबलची मर्यादा आहे. मात्र हे डेसिबल ज्या पद्धतीने मोजतात, तिच्यात खालच्या स्वरांचे वजन फार कमी धरले जाते. ६३ हर्ट्झचा आवाज मोजताना त्यातून सुमारे २६ डेसिबल वजा होतात. म्हणजे मापक समाधानकारक आकडा दाखवत असतानाही खालच्या घरातील आजारी वृद्धाच्या उशाशी स्लॅब थरथरत असू शकतो. भिंती संवाद अडवतात, पण खर्ज त्यांना जुमानत नाही. सबवूफरखाली जाड रबरी गादी ठेवल्यास लादीतून जाणारा थेट कंप थोडा कमी होतो. हवेतून पसरणारा खर्ज मात्र तीही रोखू शकत नाही.

दुधाळ्यातही हाच धडा

गंमत अशी की, हीच वाटणी गुरुत्वीय लहरींच्या शास्त्रज्ञांनाही करावी लागते. २०१५ च्या त्या लहरीने चार किलोमीटरच्या भुजेची लांबी बदलली ती प्रोटॉनच्या व्यासाहूनही शेकडो पटींनी लहान अंतराने. एवढा सूक्ष्म बदल टिपायचा, तर जमिनीच्या थरथरीपासून आरसा वाचवायला हवा. दूरच्या समुद्राच्या लाटा, वारा, रस्त्यावरचे ट्रक, सारे काही तेथे ‘खर्ज’ बनून येते. म्हणून ४० किलोग्रॅम वजनाचा प्रत्येक आरसा चार टप्प्यांच्या लंबकाला टांगलेला असतो. त्याला जागेवर ठेवण्यासाठी लागणारे मोठे आणि संथ धक्के वरच्या टप्प्यांना दिले जातात, नाजूक आणि जलद धक्के खालच्या टप्प्यांना. जेथे एकाचे काम संपून दुसऱ्याचे सुरू होते, त्या वारंवारतेला तेथील अभियंतेही क्रॉसओव्हरच म्हणतात.

ज्या मंचांवरून हे लंबक टांगलेले असतात, त्यांचे कंप मोजणाऱ्या संवेदकांचीही अशीच वाटणी असते. अतिसंथ हालचाल एक प्रकारचा संवेदक सांगतो, त्याहून जलद हालचाल दुसरा. दोघांची गाळणी अशी बेतलेली असते की, त्यांची बेरीज नेहमी एक भरावी. मध्ये खड्डा नको आणि दुहेरी मोजणीही नको.

अमेरिकेत सिद्ध झालेली हीच व्यवस्था दुधाळ्यातही अपेक्षित आहे. पुण्याची ‘आयुका’, इंदूरचे राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्र आणि गांधीनगरची प्लाझ्मा संशोधन संस्था या प्रकल्पात सहभागी आहेत. मंजुरीच्या वेळी २०३० पर्यंत उभारणी पूर्ण करण्याचे उद्दिष्ट ठेवण्यात आले होते. तेथील शास्त्रज्ञांना त्यासाठी अनेक वर्षे खपावे लागेल. आपल्याला रविवारची एक सकाळ पुरेशी आहे. माहितीपत्रक काढावे, सबवूफरचा नॉब शेवटच्या टोकाला न्यावा, रिसीव्हरमध्ये योग्य आकडा भरावा, अंतरे मोजावीत, फेज स्विच तपासावा, पातळी थोडी उतरवावी आणि तंबोरा लावून शांत बसावे. चारही तारा एकाच ठिकाणाहून ऐकू आल्या, की वाटणी बरोबर झाली असे समजावे.